सरहद्दीवरची मिशी

मारतहळ्ळी,
६ जानेवारी २०२६

ती. अण्णा,

नमस्कार घ्या आणि पुढचं पत्र वहिनींना मोठ्यानं वाचून दाखवू नका. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, कानातलं यंत्र तुम्ही कपाटात ठेवता, म्हणून एकाच कानडी शहरात राहून मला भावाला पोस्टानं पत्र टाकावं लागतं.

केतकीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. अठरा फेब्रुवारी, व्हिएन्ना. जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर पोरगी एकटी राहते, लिफ्ट नाही. ऑपरेशननंतर दीड महिना तिनं जिना चढायचा नाही की पातेलं उचलायचं नाही. तिची आई असती तर प्रश्नच नव्हता. आता मी जाणार. हसा खुशाल, पण वरणभात आणि तीन भाज्या मला बऱ्या जमतात. चौदाचं विमान आहे. व्हिसा डिसेंबरातच हातात आला.

एवढं सरळ काम, पण मकरंदनं त्याचं ऑफिसातलं प्रोजेक्ट करून टाकलं. युरोपात ऑक्टोबरपासून सरहद्दीवर नवी पद्धत सुरू झाली आहे. पासपोर्टवर शिक्के मारायचे नाहीत, यंत्रानं चेहऱ्याचा फोटो घ्यायचा, बोटांचे ठसे जुळवायचे, कोण आलं कोण गेलं ते संगणकात ठेवायचं. संपलं. तेवढ्यासाठी माझ्या मुलानं जेवणाच्या टेबलावर सरहद्द उभी केली आहे. टॅब्लेट उभा करतो, वर एक गोल दिवा लावतो आणि रोज संध्याकाळी मला समोर उभं करतो. ‘बाबा, चष्मा काढा. हनुवटी वर. हसू नका.’ या घरात येऊन मला दोन वर्षं झाली, हसण्याची वेळ आलेली नाही. मग तो अधिकारी होतो आणि इंग्रजीत विचारतो, कशासाठी आलात? मी म्हणतो, मुलीचा गुडघा. तो म्हणतो, बाबा, पूर्ण वाक्य.

त्यात रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये व्याख्यान झालं. वक्ता यशोवर्धन, आमच्याच टॉवरमधला, सहली काढतो. स्वतःला प्रवास-मार्गदर्शक म्हणवतो. ऐकायला आम्ही सगळे, नागपूर-पुण्याहून मुलांनी उचलून चौदाव्या-पंधराव्या मजल्यावर आणून ठेवलेले म्हातारे. पडद्यावर चित्रं दाखवत त्यानं अर्धा तास आम्हाला भेदरवलं. आजपासून विमानातून उतरेपर्यंत चेहऱ्यात बदल नको. केसांना कलप नको, चष्म्याची नवी फ्रेम नको. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, ‘अंकल, तुमची मिशी हीच तुमची आयडेंटिटी आहे. तिला हात लावू नका.’ अख्खा हॉल वळून बघायला लागला. खोटं कशाला बोलू, त्या गाढवाचं तेवढं एक वाक्य मला पटलं.

तुम्हाला काय वाटतं ते कळवा.

तुमचा,
उपेंद्र

*

येलहंका,
१२ जानेवारी

चि. उपेंद्र,

आशीर्वाद पाठवतो आहे. अक्कल पोस्टानं जात असती तर तीही पाठवली असती.

तुझं पत्र मी सुनंदाला मोठ्यानं वाचून दाखवलं. मग तिनं मागितलं म्हणून पुन्हा एकदा.

आकाशातला ठिपका विमान आहे की घार, हे ओळखणारी यंत्रं करण्यात माझी सगळी नोकरी गेली. आणि माझा सख्खा भाऊ यंत्राबद्दलचा सल्ला घेतो कुणाकडून, तर काश्मीरच्या सहली काढणाऱ्या माणसाकडून. ऐक. यंत्र चेहरा बघतं म्हणजे डोळ्यांमधलं अंतर, नाकाचं हाड, जबड्याची ठेवण बघतं. तुझी मिशी त्याच्या दृष्टीनं कचरा आहे. डोकं भादर, मिशी उडव, ते तुला ओळखेल. नाहीच ओळखलं तर काचेमागं माणूस बसलेला असतो, तो ओळखेल. त्यालाही शंका आली तर दोन प्रश्न विचारून सोडेल. तुझ्यासारखा माणूस पळून जाऊन युरोपात करणार काय, हे त्यालाही कळत असेल.

आपल्या लोकांचं मला नवल वाटतं. इथं आमच्या गल्लीतल्या म्हातारीची बोटं मशीनवर उठत नाहीत म्हणून तिला रेशनच्या दुकानातून परत पाठवतात, तेव्हा कुठल्या सोसायटीत व्याख्यान होत नाही. परक्या देशाचं यंत्र म्हटलं की लगेच दिवे लावून सराव. समोरच्या दुकानदाराला तुझी हकीकत सांगितली. तो म्हणाला, ‘सार, तम्माला सांगा, स्वल्प झोप काढ.’ तम्मा म्हणजे तू, धाकटा भाऊ. त्याला प्रवासाचा अनुभव येलहंका ते तुमकूर एवढाच आहे, पण तुझ्या यशोवर्धनपेक्षा डोकं जाग्यावर आहे.

आणि मिशीबद्दल. ती तू मुलगी बघायला जायच्या आधी ठेवलीस, सासरच्यांवर छाप पडावी म्हणून. छाप काही पडली नाही. ती बिचारी तुझा स्वभाव बघून हो म्हणाली. तेव्हापासून तू उगीच ती वागवतो आहेस.

जायच्या आधी इकडे येऊन जा. मारतहळ्ळीहून इथं पोचायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात तुझं विमान आखातात उतरेल, मला माहीत आहे. तरी ये. सुनंदा थालीपीठ करीन म्हणते.

पद्मनाभ

*

मारतहळ्ळी,
१९ जानेवारी

ती. अण्णा,

नमस्कार. तुमचं पत्र मी कुणालाही वाचून दाखवलं नाही. माझ्या घरात माझी थोडी अब्रू शिल्लक आहे.

तुम्ही यंत्रं केलीत हे आम्ही पन्नास वर्षं ऐकतो आहोत. आकाशातली घार तुम्हाला ओळखता येत होती, दारात आलेला पाहुणा मात्र कधी दिसला नाही. वहिनी चहा घेऊन बाहेर यायच्या तेव्हा तुम्ही वर्तमानपत्रातून डोकं काढायचात. असो.

काल यशोवर्धनचं दुसरं व्याख्यान झालं. के. आर. पुरमच्या एका गृहस्थांनी नवस म्हणून दाढी वाढवली होती, त्यांना म्हणे सरहद्दीवर एका खोलीत बसवून ठेवलं आणि पुढच्या विमानानं परत पाठवलं. मी उठून नाव विचारलं. तर म्हणाला, ते गोपनीय आहे. गोपनीय! मलाही कळतं हो, तो थापा मारतो. त्याच्या तोंडाकडे बघूनच कळतं. पण अण्णा, थाप खरी निघाली तर? मला परत पाठवलं तर केतकीला पाणी द्यायलाही कुणी नाही. मकरंदला रजा मिळत नाही आणि सूनबाईची बदली व्हायची आहे. तुम्हाला लांबून हसायला काय जातं?

येलहंकेला येणं अवघड दिसतं. रोज संध्याकाळी इथं सराव असतो आणि शनिवार-रविवार मकरंद कागदांच्या फायली लावतो, त्यात मी समोर लागतो. परत आल्यावर निवांत येईन.

वहिनींना नमस्कार.

उपेंद्र

*

येलहंका,
२५ जानेवारी

चि. उपेंद्र,

फोटोला उभं राहायचा सराव आहे म्हणून भाऊ भेटायला येत नाही, हे वाक्य मी सुनंदाला वाचून दाखवलं नाही. माझीच मला लाज वाटली.

मी बरा आहे. दोन दिवस छातीत गॅस धरला आहे, गच्चीवर जाताना मध्ये थांबावं लागतं. सुनंदा डॉक्टर डॉक्टर करते आहे. हल्ली तिथं गेलं की आधी फोन नंबर विचारतात, मग फोनवर आलेला आकडा विचारतात, मग ॲपमध्ये नोंद करा म्हणतात आणि शेवटी सवड उरली तर काय दुखतं ते विचारतात. माझ्याच शहरात माझ्याच छातीपर्यंत पोचायला एवढे नाके. सवड झाली की जाईन.

केतकीला सांग, काका म्हणाले, बापाला स्वयंपाकघरात एकटं सोडू नकोस.

सरी, ठीक आहे, सांभाळून जा. तुझ्या मिशीला माझा नमस्कार.

पद्मनाभ

*

येलहंका,
४ फेब्रुवारी

उपेंद्र भावजी,

पत्रं लिहिणं हे या घरात त्यांचं काम होतं. आता मलाच लिहावं लागतं आहे.

रविवारी ते गेले. तुम्ही आलात, अग्नी दिलात, म्हणजे त्या विद्युतदाहिनीत जे काही देता येतं ते दिलंत. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. भीमाचार्य गुरुजींनी क्षौराचं विचारलं तेव्हा तुम्ही ‘दहाव्याला करू’ म्हणालात. मला वाटलं, दमला आहात.

काल मकरंदचा फोन आला. ‘काकू, बाबांना क्षौर करता येणार नाही. डोकं आणि मिशी काढली तर चेहरा बदलेल, तिकडचं यंत्र प्रवेश नाकारेल.’ मुलगा शिकलेला आहे, नीट समजावून सांगत होता. तुम्ही त्याच्या शेजारी बसला होतात. तुमचा खोकला मला ओळखू येतो. तुम्ही फोन हातात घेतला नाहीत.

दहावा मंगळवारी श्रीरंगपट्टणला आहे. आम्हाला मूल नाही आणि त्यांना भाऊ एकच. धाकट्या भावानं करायचं ते तुम्ही करणार की नाही, हे मला मुलाच्या तोंडून ऐकायचं नाही. स्वतःच्या हातानं लिहून कळवा.

सुनंदा

*

मारतहळ्ळी,
५ फेब्रुवारी

ती. वहिनी,

शिरसाष्टांग नमस्कार. मकरंदच्या ऑफिसातल्या येलहंकेच्या ज्या मुलानं तुमचं पत्र आणून दिलं, त्याच्याबरोबरच हे पाठवतो आहे, म्हणजे उद्याच मिळेल.

तुम्ही रागावला आहात. मी तुमच्या जागी असतो तर मीही रागावलो असतो. पण थोडा विचार करा. अण्णांना स्वतःला या विधींचा किती तिटकारा होता ते तुमच्यापेक्षा कुणाला माहीत? आमच्या वडिलांच्या वेळी गुरुजींना त्यांनी विचारलं होतं, केस वर कुठल्या पत्त्यावर पोचतात म्हणून. अशा माणसासाठी मी डोकं भादरलं तर ते वरून हसतीलच.

दुसरं म्हणजे मी भीमाचार्यांना फोन केला. ते म्हणाले, अडचण असेल तर संकल्प सोडून जास्तीची दक्षिणा दिली की चालतं. मला मोठं हसू आलं. म्हणजे तिथंही ओळखीची खिडकी आहेच! पण त्यांनी सांगितलं ते शास्त्रातलंच असणार. पिंडदान, तर्पण, बाकीचं सगळं मी करीन, त्यात कसूर होणार नाही.

तिसरं, यशोवर्धन म्हणतो, व्हिसावरचा फोटो आणि चेहरा यांत एवढा फरक म्हणजे मोठी जोखीम. माणूस थापाड्या आहे, पण या धंद्यात आहे. विमान चौदाचं. तोवर चार दिवसांत मिशीची साधी कड उगवणार नाही. मी सरहद्दीवर अडकलो तर ऑपरेशन झालेल्या पोरीनं कुणाच्या तोंडाकडे बघायचं? गेलेल्यासाठी जिवंत माणसाची आबाळ करावी, असं अण्णा कधीच म्हणाले नसते.

तुम्ही समजून घ्याल याची खात्री आहे.

आपला,
उपेंद्र

*

येलहंका,
७ फेब्रुवारी

उपेंद्र भावजी,

समजून घेणार नाही.

त्यांना विधींचा तिटकारा होता, खरं आहे. भीमाचार्यांबद्दल मलाही फार माया नाही, ते संकल्पाच्या मध्येच फोन घेतात. स्वर्गाचं दार उघडावं म्हणून मी तुमचे केस मागत नाही. असलं दार असेल तर ह्यांनी आतापर्यंत तिथल्या द्वारपालाशी भांडण काढून ते उघडून घेतलं असेल.

यंत्राचं म्हणाल, तर गेल्या महिन्यात त्यांनीच तुम्हाला लिहिलं होतं. मी समोर बसून अवरेकाळूच्या शेंगा सोलत होते, ते वाचून दाखवत होते. डोकं भादर, मिशी उडव, यंत्र तुला ओळखेल. ज्या माणसानं जन्मभर तेच काम केलं त्याच्या शब्दावर तुमचा विश्वास नाही. ज्याला तुम्ही गाढव म्हणता, थापाड्या म्हणता, त्याचा शब्द तुम्हाला प्रमाण. का, ते मी सांगते. त्याचा शब्द तुमच्या सोयीचा आहे. तुम्हाला यंत्राची भीती नाही, मिशी जाण्याची आहे. सत्तरी उलटली तरी कुणीतरी वळून बघावं असं वाटतं. ते तरी सरळ लिहायचं होतंत. आजारी मुलीला पुढं करून तिच्यामागं लपलात, त्याची मला किळस आली.

आता मला काय हवं आहे ते ऐका. सोमवारी दूधवाला नेहमीसारखा ‘अण्णा इद्दारा?’, अण्णा आहेत का, म्हणून विचारत आला. त्याला पत्ता नव्हता. बँकेत ते जिवंत आहेत. त्यांच्या फोनवर अजून आकडे येतात, कुणीतरी त्यांचं केवायसी मागतं. ‘माझ्यामागं कुंकू काढशील तर बघ’ असं त्यांनी मला बजावून ठेवलं होतं, म्हणून मी काढलं नाही. म्हणजे माझ्या तोंडावरही काही दिसत नाही. पन्नास वर्षं ह्या गावात राहिलेला, सगळ्यांशी भांडलेला माणूस गेला आणि कुणाच्याही तोंडावर रेघभर फरक नाही. एका तरी माणसाच्या तोंडावर दिसायला हवं, भावजी, की पद्मनाभ गेले. मूल असतं तर त्याला म्हटलं असतं. नाही, म्हणून तुम्हाला म्हणते आहे. दक्षिणा देऊन यातून सुटता येत असेल तर ती भीमाचार्यांना द्या, मला तोंड दाखवू नका.

मंगळवारी सकाळी सहाला इथून गाडी निघेल. यायचं असेल तर या. नाहीतर मिशी घेऊन सुखानं युरोपात जा, तिकडं तिचं स्वागत होईल. हे त्याच मुलाबरोबर पाठवते आहे, मी पुन्हा लिहिणार नाही.

सुनंदा

*

व्हिएन्ना,
२३ फेब्रुवारी

ती. वहिनी,

नमस्कार. केतकीचं ऑपरेशन नीट झालं. काल तिला घरी आणली, दोन धिप्पाड माणसांनी खुर्चीत बसवून वर चढवली. मी वरणभात केला. तिनं खाल्ला, म्हणजे भूक लागली असणार.

आता तुम्हाला सांगायचं ते. तोंडावर सांगायला जमलं नाही.

त्या मंगळवारी मी सहाच्या आधी तुमच्या दारात आलो तेव्हाही माझं नक्की नव्हतं. गाडीतही नव्हतं. तिथं घाटावर न्हाव्यानं डोकं उरकलं आणि कन्नडात विचारलं, मिशीसुद्धा ना? तेव्हा मी मान हलवली. तुमचं पत्र खिशात होतं. त्यातला किळस हा शब्द ते मिळाल्यापासून मला झोपू देत नव्हता, आणि तो अगदी योग्य शब्द होता. पुढं मला कसलं दुःख झालं सांगू? मिशी गेल्याचं नाही. अण्णांनी पत्रात ‘ये’ म्हटलं होतं आणि मी गेलो नाही, ते त्या पायरीवर बसल्यावर मला पहिल्यांदा नीट कळलं. मी तिथं रडलो ते न्हाव्यानं पाहिलं. त्याला सवय असावी.

मी बुडी मारून वर आलो. तुम्ही पायरीवर उभ्या होतात. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि पाठ फिरवून गाडीत जाऊन बसलात. येलहंका येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होतात. तेराव्यालाही माझं पान वाढलंत ते मान खाली घालून. मी मनात म्हटलं, बरोबरच आहे. इतके आढेवेढे घेऊन केलेल्या गोष्टीचं कौतुक कोण करणार?

घरी मकरंदनं मला बघितलं आणि डोक्याला हात लावला. लगेच कामाला लागला. अण्णांच्या मृत्यूचा दाखला, त्याचं जर्मन भाषांतर, शिवाय भीमाचार्यांच्या सहीचं इंग्रजी प्रमाणपत्र की या इसमाचे केस धार्मिक कारणास्तव काढलेले आहेत. भीमाचार्यांनी खाली शिक्काही मारला आहे. यशोवर्धन लिफ्टमध्ये भेटला, मला ओळखलं नाही. ओळख करून दिली तर म्हणाला, अंकल, मी जबाबदार नाही.

मग इथली सरहद्द. रांगेत माझ्यापुढं एक बाई होत्या, त्या यंत्रासमोर पुन्हा पुन्हा केस सारखे करत होत्या. माझ्याकडे सारखं करायला काही नव्हतं. चष्मा काढला, हनुवटी वर केली. छातीत इतकं धडधडत होतं की मला वाटलं, आता अण्णांसारखंच होतंय. आणि वहिनी, त्या यंत्रानं मला ओळखलं. लगेच! डोळ्याचं पातं लवायच्या आत. काचेमागच्या पोरानं बोटं टेकवायला लावली आणि विचारलं, कशासाठी आलात? मी म्हटलं, मुलीचा गुडघा. पूर्ण वाक्य काही झालं नाही. त्यानं मान डोलावली आणि पुढच्याला बोलावलं. भीमाचार्यांचं प्रमाणपत्र माझ्या हातात तसंच राहिलं.

अण्णा बरोबर होते. मी सुटलो म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. मला संताप आला. माझा भाऊ गेला, मी डोकं सोलून समोर उभा आहे, आणि त्या यंत्राच्या लेखी काही घडलेलंच नाही! त्याला डिसेंबरातलाच उपेंद्र दिसला. असल्या वस्तूला हे लोक हुशार म्हणतात. तुमचा दूधवाला त्यापेक्षा बरा, तो निदान विचारतो तरी.

बाहेर आलो. कठड्यापाशी केतकी काठी टेकून उभी होती. ती माझ्यावरून नजर फिरवून मागच्या लोकांत शोधत होती. मग पुन्हा माझ्याकडे बघितलं. हातातली काठी खाली पडली. ‘काका,’ म्हणाली. एवढ्या गर्दीत, मोठ्यानं. मी म्हटलं, अगं मी, बाबा. ती ऐकेना. मी जवळ गेलो तसं तिनं माझ्या डोक्याला हात लावला, मग वरच्या ओठाला लावला, आणि तिथंच रडायला लागली. काकाच्या बातमीला फोनवर रडली नव्हती. मला तिला सांभाळावं की काठी उचलावी ते कळेना.

तिच्या घरी गेल्यावर मी आरशासमोर उभा राहिलो. क्षौर झाल्यापासून मी आरसा चुकवत होतो. अण्णांना तिशीतच टक्कल पडलं, दाढी-मिशी ते रोज काढायचे. माझ्या डोक्यावर रान आणि तोंडावर ही मिशी. त्यामुळं आमचं कपाळ एक, ओठ एक, हनुवटीवरची खळीही एकच, हे इतक्या वर्षांत कुणाला दिसलं नाही. मलाही दिसलं नाही. आरशात अण्णा होते. माझ्यावर चिडलेले वाटले, पण ते नेहमीच तसे दिसायचे.

वहिनी, तुम्ही त्या दिवशी पाठ का फिरवलीत ते मला आता कळल्यासारखं वाटतं. चुकत असेन तर तसं लिहा. रागानंच फिरवली असेल तरी लिहा, मी तेवढा रागाला पात्र होतो.

तुमचा,
उपेंद्र

*

येलहंका,
१० मार्च

उपेंद्र भावजी,

केतकीचं बरं आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. तिच्या गुडघ्याला घरगुती तेलं चोळत बसू नका, डॉक्टर सांगतील तेवढंच करा. वरणाला हिंग घालत जा.

पुन्हा लिहिणार नाही म्हटलं होतं, पण तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते.

रागानं पाठ फिरवली नाही. राग होता, पण तो गाडीत बसून घाटावर येईपर्यंतच. तुम्ही पाण्यातून वर आलात, अंगाला ओला पंचा, वारा सुटलेला. मी म्हणाले, ‘अहो, आधी अंग पुसा.’ मनात म्हणाले की मोठ्यानं, तेव्हा माझं मलाच कळलं नाही. भीमाचार्यांनी फोनमधून मान वर केली, म्हणजे मोठ्यानंच असणार. तिथं उभी राहिले असते तर टॉवेल घेऊन तुमचं डोकं पुसायला खाली उतरले असते. तेराव्याला मान वर केली नाही, कारण केली असती तर वाढता आलं नसतं.

यावरून वहिनी हळवी झाली असं समजू नका. ‘समजून घ्याल याची खात्री आहे’ हे तुमचं वाक्य मी विसरलेले नाही, आणि ते प्रमाणपत्र मला हसायला ठेवायचं आहे, फाडू नका. ती मिशी तुम्हाला कधीच शोभत नव्हती. ह्यांचं म्हणणं होतं की तोंडावर झाडू ठेवल्यासारखी दिसते. तुमच्याकडं बघून मी हो म्हणत नव्हते इतकंच.

तिकडं आहात तोवर ती ठेवू नका. डोक्यावरूनही वस्तरा फिरवून घेत जा. तिथल्या न्हाव्याला जमत नसेल तर केतकीला सांगा, बसल्या बसल्या करेल. परत आलात की आधी येलहंकेला या, रस्त्याची कारणं सांगू नका. मला तुम्हाला एकदा दारात उभं करून नीट बघायचं आहे. मग वाढवा हवी तेवढी.

सुनंदा